ठकीच्या हातातलं रक्त

कर्जत, सोमवार, ९ डिसेंबर १९४६

आज मला राग आला आहे. राग आला की माझं अक्षर बिघडतं, हे आधीच लिहून ठेवते.

सकाळी दहाच्या सुमारास कडावहून बैलगाडी आली. गाडीत एक बाळंतीण, तिची सासू आणि गोधडीत गुंडाळलेली नऊ दिवसांची मुलगी. सासूला मी ओळखते. ती ठकी, कडावची सुईण. मी या लोकल बोर्डाच्या दवाखान्यात नर्स म्हणून आले त्याला चौदा महिने झाले. तेवढ्यात मला बाळंतपणासाठी अकरा घरांनी बोलावलं. ठकीला चार महिन्यांत तेवढी बोलावणी येतात. हे लिहायला बरं वाटत नाही, पण वहीशी खोटं कशाला बोला.

गोधडी सोडली. पोरीचा रंग पिवळा, अंग गार, पोट फुगून तट्ट. दोन दिवस अंगावर ओढत नाही. रडतही नाही, नुसती कण्हते. बेंबीभोवतीची कातडी लालभडक, आणि बेंबीच्या घडीत काळी राख. कापसानं जरा दाबलं तर पू आला.

"राख कोणी घातली?" मी विचारलं.

बाळंतीण, सुंदरा तिचं नाव, अठरा-एकोणीस वर्षांची असेल, तिनं मान वर केली. तेवढ्यात ठकी म्हणाली, "मीच घातली. लिवा तुमी."

या बाईला मी अश्विनात स्वतः तिच्या ओटीवर बसून शिकवलं होतं. उकळलेलं ब्लेड, उकळलेला दोरा, स्वच्छ फडक्याची पट्टी, वर काहीसुद्धा लावायचं नाही. चार पुड्या बांधून दिल्या होत्या. "व्हय व्हय" म्हणाली होती. आणि स्वतःच्या नातीला राख! मी सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलले. ती खाली बघून ऐकत राहिली. सून रडत होती. तिची मला कीव आली. अशा सासूच्या हाताखाली नांदायचं म्हणजे!

डॉक्टरांनी पोरीला तपासलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "बेंबीतून विष रक्तात गेलंय. सल्फा सुरू करा. पण नुसत्या सल्फावर ही वाचेल असं मला वाटत नाही. पेनिसिलिन पाहिजे."

डॉक्टर लढाईत ब्रह्मदेशाच्या बाजूला फौजी इस्पितळात होते, तिथे त्यांनी हे औषध वापरलेलं आहे. मी फक्त नाव ऐकून. त्यांचे एक मित्र मुंबईला मोठ्या इस्पितळात आहेत, त्यांना चिठ्ठी लिहिली. पोरीचा बाप नामा रेल्वेच्या गँगमध्ये पळसधरीला कामाला आहे. स्टेशनवरून त्याला निरोप धाडला. तो मातीच्या हातांनीच आला, पोरीकडे एकदा बघितलं आणि चिठ्ठी नि डॉक्टरांचा थर्मास घेऊन दुपारच्या गाडीनं गेला.

त्यानंतर डॉक्टरांनी जे काढलं ते मला पटलेलं नाही. म्हणाले, "औषधाच्या जोडीला आणखी एक करू. घरच्या मोठ्या माणसाचं वीस सीसी रक्त काढायचं आणि लगेच बाळाच्या दोन्ही मांड्यांत टोचायचं."

"डॉक्टर, हे फार जुनं झालं. आता सल्फा आहे, उद्या पेनिसिलिन येईल."

"जुनं आहे, आणि खात्रीही नाही. मी नऊ बाळांना सल्फाबरोबर दिलं. चार जगली."

"ती चार नुसत्या सल्फानंच जगली नसतील कशावरून?"

"कशावरूनही नाही," ते शांतपणे म्हणाले. "पण औषध जंतूंना आवरतं, एवढंच. उरलेलं बाळाच्या अंगानं करायचं असतं, आणि नऊ दिवसांच्या अंगानं अजून कुठला आजार पाहिलाय? मोठ्या माणसाच्या रक्तानं पाहिलेला असतो. असा आपला माझा तर्क."

सुंदराच्या पापण्या आतून पांढऱ्याफटक, तिचं रक्त काढण्यात अर्थ नव्हता. नामा मुंबईच्या गाडीत. डॉक्टरांनी ठकीला हाक मारली.

"बाळंतपणं किती केलीस?"

"मोजली नाय. तीनशेच्या वर असतील."

"कधी एखादीचा ताप तुला लागला होता?"

ठकीनं उजव्या हाताचं वाकडं बोट पुढे केलं. "गौळवाडीची बाळंतीण व्हती, तिच्या अंगात पू झालेला. ती गेली. माजं हे बोट सुजलं, तापानं म्हैनाभर आंथरुनाला खिळले. मंग उठले."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. "हिचंच घ्या!"

ज्या हातानं पोरीला मरणाच्या दारात नेलं त्याच हातातलं रक्त! पण डॉक्टरांचं ऐकणं हे माझं काम. ठकीनं विचारलं, "माजं रगात चालंल पोरीला?" डॉक्टर म्हणाले, "चालेल." "मंग इच्यारता काय," म्हणत तिनं हात पुढे केला आणि शेवटपर्यंत डोळे मिटले नाहीत. दोन पिचकाऱ्या भरल्या. गोठायच्या आत टोचायचं, म्हणून घाई. पोरीनं हूं की चूं केलं नाही. तेच मला जास्त लागलं.

ठकीला मी खोलीबाहेर काढलं आहे. ओटीवर बसायचं, आत यायचं नाही.


मंगळवार, १० डिसेंबर

नामा सकाळच्या गाडीनं परत आला. थर्मासात बर्फ, बर्फात चार छोट्या बाटल्या, बाटलीच्या तळाशी पिवळट भुकटी. एवढंसं. डॉक्टरांनी स्वतः पाणी घालून विरघळवलं. दर तीन तासांनी टोचायचं, दिवसाला आठ वेळा. विरघळलेलं औषध गार ठेवायचं. बर्फ स्टेशनवरच्या सोडावॉटरवाल्याकडून, भुशात घालून, दिवसातून दोनदा. ते काम नामानं घेतलंय.

पोरीची मांडी माझ्या दोन बोटांएवढी. सुई कुठे घालायची, हा दर वेळी प्रश्न.

अजून काही फरक नाही.


बुधवार, ११ डिसेंबर

आज दोनदा श्वास थांबला. दोन्ही वेळा मी तळपायाला टिचक्या मारल्या आणि तो परत सुरू झाला.

सुंदराबद्दल एक लिहायचं राहिलं. ती बाळाला हात लावत नाही. दूध वाटीत पिळून देते, मी ते थेंबाथेंबानं पाजते, पण "घे जरा" म्हटलं की हात मागे घेते. खाटेच्या पायाशी बसून पोरीच्या बेंबीवरच्या पट्टीकडे टक लावून बघते. बाकी कशाकडेही नाही. आई असून इतकी कोरडी! की सासूचा धाक इतका, की पोरीला घ्यायलाही परवानगी लागते?

दुपारी नामानं मला गाठलं. "बाय, आयला आत का नाय येऊ देत?"

मी कारण सांगितलं.

"आय तसं करायची नाय," तो म्हणाला. "तुमी शिकवलं त्या दिवसापासनं ती ज्याला त्याला तेच सांगत फिरते. माजी आय एकदा बोलली की बोलली."

"अरे, तिनं स्वतः कबूल केलंय."

तो वळला. आईजवळ जाऊन ओटीवर बसला.

संध्याकाळी मी अलिबागला जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र लिहिलं. कडावच्या ठकी नावाच्या सुईणीनं नवजात मुलीच्या नाळेस राख लावली, मूल अत्यवस्थ आहे, तरी तिला बाळंतपणं करण्यास मनाई व्हावी. डॉक्टर म्हणाले, "चार दिवस थांबा की." मी थांबले नाही. पत्र टपालात टाकून आले. माझं कर्तव्य मी केलं. तरी जेवण गेलं नाही.


गुरुवार, १२ डिसेंबर

ठकीचं रक्त आज दुसऱ्यांदा दिलं. या वेळी तिनं दुसरा हात पुढे केला. "ह्यो बी कामाला लागू दे," म्हणाली. मला हसू आलं, मी ते दाबलं.

सकाळी गार असलेलं पोरीचं अंग दुपारी कोमट लागलं आणि चारला चक्क ताप. मी घाबरले. डॉक्टर मात्र खूश. "गार पडून राहण्यापेक्षा हे बरं. अंगानं काहीतरी करायला घेतलंय."

मला त्यांच्याइतकं खूश होता येत नाही. मी अशी दोन बाळं पाहिली आहेत, पुण्याला शिकत असताना. दोन्ही जरा सुधारून गेली.


शुक्रवार, १३ डिसेंबर

रडली!

नऊ वाजताचं इंजेक्शन. सुई आत गेली आणि पोरीनं तोंड वेडंवाकडं करून अशी काही किंकाळी फोडली की माझ्या हातातली पिचकारी निसटता निसटता वाचली. चार दिवसांत तीस-एक सुया झाल्या, ही पहिली जिच्याबद्दल तिनं तक्रार केली. मी तशीच बाहेर धावले. का धावले माहीत नाही. ओटीवर ठकी उभीच होती, हात खांबाला धरून.

"कोन रडतंय?"

"तुमचीच!" मी म्हटलं. "या, बघा या!"

मी तिला आत यायची बंदी केली होती, हे ती आत येऊन खाटेजवळ उभी राहिल्यावर मला आठवलं. आता कुठल्या तोंडानं बाहेर जा म्हणणार? तिनं पोरीला शिवलं नाही. लांबूनच बघितलं आणि म्हणाली, "आवाज बेंबीपासनं येतोय. जगते ही."

डॉक्टरांनी मात्र "अजून आठ दिवस काही बोलू नका" म्हणून बजावलं. पण बोलताना त्यांनी चष्मा दोनदा पुसला.


शनिवार, १४ डिसेंबर

लघवी तीनदा. दूध चमच्यानं, बारा वेळा, उलटी नाही. लाली बोटभर मागे हटली. रक्त आज तिसऱ्यांदा आणि शेवटचं.

आज इतकंच. मला उभ्या उभ्या झोप येते.


सोमवार, १६ डिसेंबर

पोट मऊ झालं. पिवळेपणा डोळ्यांत राहिलाय तेवढाच. रडणं एवढं, की बाहेर पाळीला बसलेले रोगी तक्रार करतात. करू देत!

नामानं कडावहून वालाच्या शेंगा आणल्या. दवाखान्याच्या मागे मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून त्यानं पोपटी लावली. डॉक्टर, मी, कंपाउंडर, सोडावॉटरवाला, सगळे पारावर बसल्यासारखे गोल बसून शेंगा खात होतो. इतक्या दिवसांनी अन्नाला चव लागली. ठकीनं शेंगा सोलून पहिली मूठ सुनेला दिली. सून घेईना, तर तिनं तिच्या तोंडात कोंबली. "खा गं. दूध कुठनं येनार?"

हे मी बघितलं. धाकात ठेवणारी सासू अशी भरवत नाही. मग काय आहे, ते मला कळलं नाही.


बुधवार, १८ डिसेंबर

पोर आता अंगावर ओढायला तयार आहे. तोंड उघडून शोधते. आईच तयार नाही. आज मी सुंदराला फार टाकून बोलले. "कसली आई तू! दहा दिवस झाले, मी परकी बाई तिला उराशी धरते, आणि तू हात आखडून बसतेस!" ती इतकी रडली की मला थांबावं लागलं. ठकी पुढे आली आणि पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवला.

"बाय, मला काय बोलायचं ते बोला. तिला नाय बोलायचं."


गुरुवार, १९ डिसेंबर

मी आज मूर्ख ठरले. सविस्तर लिहायला हवं.

दुपारी ठकी कपडे धुवायला उल्हास नदीवर गेली होती. मी पट्टी बदलत होते. बेंबी कोरडी, स्वच्छ, तीळभर पू नाही. मी सहज म्हटलं, "बघ सुंदरा, आता ही जखम कधी झाली होती असं वाटणारसुद्धा नाही."

ती म्हणाली, "म्या घातली व्हती."

"काय?"

"राख. आत्यानं नाय. म्या."

मग सगळं भडाभडा बाहेर आलं. ठकीनं नाळ कापली ती माझ्या पुडीतल्या ब्लेडनं, बांधली माझ्याच दोऱ्यानं, वर कोरडी पट्टी. रोज हात धुऊन बघत होती. पाचवीच्या दिवशी ठकीला दुसऱ्या गावाहून बोलावणं आलं, ती गेली. घरी पाचवी पुजायला बाया आल्या. त्या म्हणाल्या, नाळ अजून ओली, सुकायला राख लाव, आमच्या सगळ्यांच्या पोरांना लावली. सुंदराला वाटलं, पोरीचं काही वाईट नको व्हायला. चुलीतली राख चिमूटभर घातली. ठकी चार दिवसांनी आली तोवर पोरीनं दूध सोडलं होतं.

"आत्यानं पट्टी सोडली नि राख बघितली. मला काय बोलली नाय. गाडी जुपायला लावली. गाडीत बोलली, तू तोंड उघडायचं नाय, मी बघते." ती आपल्या तळहातांकडे बघत होती. "म्हनून म्या तिला शिवत नाय बाय. माज्या हातानं मरत व्हती ती."

दहा दिवस मी या मुलीला कोरडी म्हणत होते.

मी पोरीला उचललं आणि सुंदराच्या मांडीवर ठेवलं, सरळ. ती "नको, नको" म्हणत राहिली, पण पोरीला काय त्याचं. तिनं तोंड वळवलं, चाचपडलं आणि लागली ओढायला. सुंदराचे हात हवेत तसेच होते. मग हळूहळू खाली आले.

मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. खूप वेळ धुतलं.


शुक्रवार, २० डिसेंबर

ठकीला बाजूला घेऊन विचारलं. आधी तिनं साफ नाकारलं. "मीच घातली. तुमी लिवलंय ना? झालं तर."

"सुंदरानं मला सांगितलंय."

ती चुलीसमोर बसतात तशी उकिडवी बसली. "येडी हाय," म्हणाली. मग, "तिचं पहिलं लेकरू हाय, बाय. तिच्या हाताला एकदा भीती बसली ना, ती पुढच्या पोरांना पन शिवायची नाय. लोक काय, जल्मभर बोलतील, हिनंच पोरीला... माजं काय, म्हातारीचं. मला लोक आजवर लय बोललेत. आनि तुमीच इच्यार करा, मी घरात असते तर तिनं घातली असती? मंग माजी बी चूक हायच की थोडी."

"पण मी तुमच्याबद्दल अलिबागला लिहिलंय. तुमचं काम बंद होईल."

"ठाव हाय. तुमचं नि डाक्टरचं बोलनं नाम्यानं ऐकलं, त्याच सांजंला मला सांगितलं."

तिला माहीत होतं! अकरा तारखेपासून माहीत होतं, आणि बारा तारखेला "ह्यो बी कामाला लागू दे" म्हणून तिनं मला दुसरा हात दिला होता.

वहीत खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते. ती गाडी आली त्या दिवशी राख कोणी घातली हे मी नीट विचारलंच नाही. ठकीनंच घातलेली असावी अशी माझी इच्छा होती. अकरा घरं आणि तीनशे घरं, त्यातला तो राग होता. मी त्याला कर्तव्य म्हटलं.

रात्र न दवडता दुसरं पत्र लिहिलं. माझ्या पत्रातील माहिती चुकीची होती, सुईणीनं सर्व काळजी शिकवल्याप्रमाणे घेतली होती, दोष तिचा नाही, पूर्वीचं पत्र रद्द समजावं. राख कोणी लावली ते लिहिलं नाही. ठकीला तसा शब्द दिलाय. डॉक्टरांनी वाचलं, काही न विचारता सही केली आणि एवढंच म्हणाले, "रजिस्टर करून पाठवा."


सोमवार, २३ डिसेंबर

पेनिसिलिन काल थांबवलं. आज दिवसभर ताप नाही, दूध भरपूर, वजन आल्या दिवसापेक्षा तीन छटाक जास्त. डॉक्टरांनी घरी जायला सांगितलं.

गाडी जुंपून तयार होती. ठकी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी तिची माफी मागायचं ठरवून दोन दिवस वाक्य जुळवत होते. जुळवलेलं सगळं विसरले. "ठकूमावशी, माझं चुकलं," एवढंच निघालं.

"पोर जगली ना," ती म्हणाली. "मंग चुकलं ते चुलीत घाला." आणि गाडीत चढता चढता, "पुड्या संपल्यात. चार द्या."

मी दहा दिल्या.

गाडी गेल्यावर डॉक्टर केसपेपर घेऊन बसले. मित्राला मुंबईला सगळी हकीकत कळवायची होती. मला विचारलं, "बाई, तुमच्या मते कशानं वाचली? पेनिसिलिननं की त्याच्या जोडीनं रक्त दिलं म्हणून?"

"पेनिसिलिननं," मी म्हटलं. मग म्हटलं, "पण अंग तापलं ते दुसऱ्या रक्तानंतर."

"पेनिसिलिनलाही तेव्हा दोन दिवस झाले होते."

"हो."

"म्हणजे?"

"म्हणजे माहीत नाही."

ते हसले. "मी तेच लिहितो. एका बाळावरून काही सांगता येत नाही. दहावं बाळ, जगलेलं पाचवं." लिहिता लिहिता थांबून म्हणाले, "पुढचं आलं तर मी पुन्हा दोन्ही देईन. तुम्ही भांडाल?"

"भांडेन," मी म्हटलं. "आणि रक्त काढून देईन."

खोलीत आता फार शांत वाटतं. खाट धुऊन उन्हात टाकली. आठ तास झोपायचं ठरवलं आहे.


बुधवार, ८ जानेवारी १९४७

अलिबागचं उत्तर आलं. दोन्ही पत्रं मिळाली, प्रकरण दप्तरी दाखल, पुढील कारवाईची गरज नाही. मी ते तीनदा वाचलं. पंधरा दिवस टपालवाला दिसला की मी हातातलं काम टाकून दारात जात होते.


रविवार, १९ जानेवारी

आज कडावला जाऊन आले. ठकीनं निरोप धाडला होता, की पोटुश्या बाया जमवते, तुमी या नि पुडीचं दाखवा.

पोरीचं नाव हिरू ठेवलंय. गाल आलेत. माझ्याकडे बघून तिनं तोंड वाकडं केलं. सुईवाली बाई म्हणून ओळखलं असावं. सुंदरानं तिला खाकोटीला असं मारलं होतं जणू जन्मापासून तिथेच आहे.

पण एक गोष्ट चांगली नव्हती. वाटेत गाडीवान गोमानं सांगितलं, की गावात तीन घरांनी ठकीला बोलावणं बंद केलंय. स्वतःच्या नातीला राख लावली, हातच वाईट, असं बोलतात. मी अलिबागचं पत्र मागे घेतलं, पण पहिल्या दिवशी दवाखान्याच्या ओटीवर सगळ्यांसमोर जे बोलले ते मागे कसं घेणार? ते माझ्याआधी कडावला पोचलं होतं.

ठकीच्या अंगणात आठ-दहा बाया होत्या. तीन दगडांवर पाण्याचं पातेलं. ठकी जाळ सारत होती. नामाला सुटी होती, तो परसाच्या कुंपणाची वई बांधत होता. मी ब्लेड, दोरा, पट्टी दाखवली आणि सांगितलं, नाळेला राख नाही, शेण नाही, हळद नाही, काही नाही.

कोंडी नावाची एक थोराड बाई म्हणाली, "आमच्या सात पोरांना राख लावली, सातही जगली. ठकीनं लावली नि पोर मरायला टेकली. मंग राखंचा दोष का हाताचा?"

दोन-तिघी हसल्या. ठकी जाळ सारत राहिली. मी तिच्याकडे बघितलं. शब्द दिला नसता तर त्याच क्षणी बोलले असते. तिनं माझ्याकडे बघून मान हलवली, नाही म्हणून.

तेवढ्यात सुंदरा उभी राहिली. हिरू खाकोटीला तशीच.

"आत्यानं नाय लावली," ती म्हणाली. आवाज मोठा होता. "आत्या घरात नव्हती. पाचवीला तुमी समद्या बोलल्या नि तुमी गेल्यावर राख म्या लावली. माज्या हातानं. पोर मरत व्हती, आत्याचं रगात घालून वाचवलीय डाक्टरनं. तुमी नका लावू."

वईजवळ नामाचे हात थांबले. त्याला हे ठाऊक नव्हतं, ते त्याच्या तोंडावरच दिसत होतं. तो बायकोकडे बघत राहिला, मग आईकडे.

ठकी सुनेकडे न बघताच म्हणाली, "सुंदरे, पानी उकळलं बग. ब्लेड नि दोरा टाक आत."

सुंदरा जागची हलेना. पोर खाकोटीला, हात मोकळे नाहीत. नामा आला. त्यानं हात धोतराला पुसले, थांबला, पुन्हा घंगाळातल्या पाण्यानं धुतले आणि तिच्याकडून हिरूला घेतलं. पोरीला खांद्यावर टाकून तिथेच तिच्याशेजारी उभा राहिला.

सुंदरानं पातेल्यात ब्लेड टाकलं, मग दोरा. वाफेनं तिचं तोंड ओलं झालं होतं, की आणखी कशानं, मी बघितलं नाही.

कोंडी बसल्या जागेवरून पुढे सरकली आणि पातेल्यात डोकावली. तिची धाकटी सून सातव्या महिन्यातली आहे.

"किती येळ ठेवायचं गं?" तिनं विचारलं. ठकीला नाही, मला नाही, सुंदराला.

"भात शिजायला लागतो तेवढा," सुंदरा म्हणाली. "मधी झाकान काढायचं नाय."